बांधाबाहेरचे शेत

आमच्या गावाची निम्मी जमीन मुळात समुद्राची होती आणि हे गावात कोणी लपवत नसे. भरतीचे पाणी एके काळी डोंगराच्या पायथ्यापर्यंत यायचे. कोणत्या पिढीने ते अडवले याची नोंद नाही. चिखलाच्या ढेपा एकावर एक रचून त्यांनी खाडीच्या काठाने बांध घातला, पाणी सोडायला त्यात लाकडी दारे बसवली, पावसाच्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन ते ओहोटीला बाहेर काढले. काही वर्षांनी तिथे राता उभा राहिला. राता हा तांबडा भात, खाऱ्या जमिनीत तग धरणारा. अलिबागच्या आसपास खाडीच्या दोन्ही काठांना अशीच गावे आहेत. बाहेरून येणारा माणूस पावसाळ्यात ती सपाट हिरवाई पाहतो आणि तिला निसर्ग म्हणतो. ती माणसाने केलेली आहे. ती टिकवायची तर दरवर्षी पुन्हा करावी लागते.

पुन्हा करण्याची रीत ठरलेली होती. पीक घरात आले की शिमग्याच्या आधी एके दिवशी गावात वर्दी फिरे आणि घरटी एक माणूस बांधावर जाई. ज्याचे शेत बांधाला लागून आहे तोही जाई आणि ज्याचे डोंगराखाली आहे तोही. कामे दोन असत. खचलेल्या जागी चिखल चढवायचा आणि बांधाच्या खाडीकडच्या अंगाला उगवलेले तिवर तोडायचे. तिवर म्हणजे भरतीच्या चिखलात वाढणारे झुडूप, ज्याची मुळे चिखलातून बोटांसारखी वर येतात. त्या मुळांत खेकडे राहतात. खेकडे बांधाला भोके पाडतात, भोकांतून पाणी झिरपते आणि झिरपता झिरपता एखाद्या उधाणाला बांध फुटून खांड पडते. म्हणून तिवर नको. हे कारण खोटे नव्हते. शिवाय तोडलेली लाकडे चुलीला लागत, होळीला लागत. कारण आणि गरज एकाच बाजूला असल्यावर कोणी प्रश्न विचारत नाही.

कालांतराने त्यात तिसरी गोष्ट मिसळली, ती म्हणजे गावाची अब्रू. स्वच्छ, उघडा, सरळ बांध ही चांगल्या गावाची खूण झाली. मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांना संध्याकाळी बांधावरून फिरवून आणत.

माझ्या वडिलांची नोकरी अलिबागला होती, त्यामुळे गावची शेती त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे काका, करत. आमचे शेत बांधाला लागून होते, खाडी जिथे वळते तिथे. वळणावर पाण्याचा मार जास्त, म्हणून तिथला बांध जास्त सांभाळायचा असा काकांचा हिशेब होता. वर्दीच्या दिवशी कोयता घेऊन ते सगळ्यांच्या आधी बांधावर असत. एरवीही शेतावरून परतताना तिवराचे कोवळे रोप दिसले की वाकून उपटत आणि खाडीत फेकत. सुट्टीत त्यांच्याबरोबर जाणारी आम्ही मुलेही उपटत असू. ते चांगले काम समजले जाई.

आमच्या गावाची हद्द जिथे संपते तिथून पुढचा बांध शेजारच्या गावाचा. ते काकूचे माहेर. तिकडचे पुरुष फार लवकर नोकरीला लागले. कोणी उरणच्या बंदरात गेला, कोणी कंपनीत, कोणी मुंबईला. घरटी एक माणूस ही रीत तिथे नावाला राहिली. बांधाचे खचलेले भाग बायाबापड्या सांभाळत, पण तिवर तोडायला कोणी नसे. पाहता पाहता त्यांच्या बांधाच्या बाहेर माणूसभर उंचीचे रान माजले. आमच्या बांधावरून चालत गेले की हद्द न विचारता कळायची. आपला उघडा बांध संपला आणि झाडी लागली की ते गाव आले.

काकूचा भाऊ सणावाराला यायचा. आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो. तो ओटीवर टेकला की काका सुरू करत.

"काय पावणे, तुमच्या बांधावर म्हणं कोल्हीण व्याली."

"व्याली ना दाजी. चार पोरं हायत. बारशाला तुम्हालाच बोलवायचं ठरलंय."

"आम्ही न्हाय येनार बाबा. वाट कुठून काढायची त्या रानातनं?"

"तुम्ही कोयता घेऊनच याल. तुम्हाला तिवर दिसला की हाताला खाज सुटते, ताई सांगते."

काकू आतून म्हणायची, "माझं नाव कशाला मधे घेता? एकाला तोडल्याशिवाय चैन न्हाय, एकाला हलवत न्हाय. मी दोन्हीकडची भाकरी खाल्लेय."

हे बोलणे दरवर्षी थोड्याफार फरकाने होई. त्यात विष नव्हते, पण काकांच्या बाजूने ते अगदीच गमतीचेही नव्हते. ज्या गावाला आपला बांध राखता येत नाही त्या गावाबद्दल त्यांचे मत खरोखरच हलके होते.

पुढे घरोघर गॅस आला. चुली परसात गेल्या, मग पाणी तापवण्यापुरत्या उरल्या. तिवराच्या लाकडाची गरज संपली, पण तोडणे थांबले नाही. नंतर तिवर तोडण्यास बंदी असल्याचे फलकही लागले. गावात त्यावर बरीच चर्चा झाली. बांध आम्ही घातला, आम्ही राखतो, आणि त्यावर काय उगवू द्यायचे ते दुसरा कोण सांगणार, असा सूर होता. तोडायचा दिवस तेवढा गाजावाजा न करता पाळला जाऊ लागला. वर्दी फिरत नसे, लोक आपापले जात. येणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत गेली. आमच्याही गावातले तरुण बाहेर पडले होते. घरे कुलूपबंद होत होती. बांधालगतची काही शेते बाहेरच्यांनी विकत घेतली होती. त्यांनी ती पडीक ठेवली होती. तरीही काकांच्या वळणावरचा बांध तळापर्यंत साफ असे. चिखल चढवायला माणसे लागतात. कोयता एकट्याने चालवता येतो. म्हणून दोन कामांपैकी जे बांधाला खरोखर हवे होते ते मागे पडत गेले आणि जे नको होते ते नेमाने होत राहिले. हे मी आज लिहू शकतो. तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नाही.

याच काळात खाडीतून मालाचे बार्ज जाऊ लागले. बार्ज वळण घेताना उठणारी लाट बांधाच्या पायावर येऊन आदळे. पायाशी चिखल सुटे आणि ओहोटीला तिथे पोकळी दिसे.

बांध फुटला तो आषाढातल्या अमावस्येच्या उधाणाला, भर दुपारी. लावणी होऊन रोपे वर आली होती. डोंगराकडून पावसाचे पाणी उतरत होते, समोरून भरती चढत होती आणि वारा पश्चिमेचा होता. मी त्या वेळी अलिबागला एका वृत्तपत्रात काम करत होतो. फोन आला तेव्हा निघालो. पोहोचलो तेव्हा काका आणि गावातली उरलेली माणसे वळणावर मातीची पोती टाकत होती. पोते पाण्यात पडे आणि दिसेनासे होई. बांध वरून खचत नव्हता, खालून सुटत होता. पायाखालची माती हलली तशी माणसे दोन्ही बाजूंना मागे सरली आणि मधला तुकडा बसला. त्याचा आवाज फार मोठा नव्हता. मग खाडी आत आली. आधी आमच्या शेतात आली, मग त्यामागच्या शेतांत, आणि भरती उतरेपर्यंत येत राहिली. काका दुसऱ्या टोकाला एकटे उभे होते. मधे पाणी होते, त्यामुळे त्यांना आमच्याकडे यायला लांबून वळसा घालून यावे लागले. तो वळसा शेजारच्या गावाच्या बांधावरून होता.

तो बांध शाबूत होता. त्याला तडा गेला नव्हता. बाहेरच्या तिवरात लाट शिरत होती आणि झाडीतून बांधापर्यंत पोहोचेतो तिचा जोर संपत होता. ओहोटी झाल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. तिवराच्या मुळांनी वर्षानुवर्षे गाळ धरून ठेवला होता आणि तिथली जमीन आमच्या बाजूपेक्षा चांगलीच उंच झाली होती. आमच्या बाजूला धरून ठेवायला काही नव्हते. आम्ही काही ठेवलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात बातमी आली, ती एवढीच की उधाणामुळे बांध फुटून शेतीचे नुकसान झाले. गावात मात्र दोष बार्जवर गेला. बार्ज निर्दोष नव्हते. पण ते शेजारच्या गावासमोरूनही जात होते.

मामा बांध फुटला त्याच दुपारी आपल्या गावची चार माणसे आणि पोती घेऊन आला होता. आता तो बोलणार, असे सगळ्यांनी धरले होते. तो बोलला नाही. त्यानंतरही अनेकदा आला, चहा प्यायला, खांडीवर जाऊन पाहून आला, बांधाचा विषय त्याने काढला नाही. शेवटी काकांनाच ते सहन होईना. गणपतीत मामा ओटीवर बसलेला असताना ते एकदम म्हणाले,

"बोल ना पावण्या. गप का? एवढी वर्सं मी बोललो. आता तुझी पाळी हाय."

मामा म्हणाला, "काय बोलू दाजी? आम्ही काय अक्कल लावून ठेवली व्हती ती तिवरा? आमचा आळस तो. माणसं असती तर आम्हीबी तोडली असती. तुमच्यापेक्षा जास्त तोडली असती."

काका हसले नाहीत. काकू म्हणाली, "मोदक घ्या दोघं."

खाऱ्या पाण्याने त्या वर्षीचे पीक गेले ते गेलेच. प्रश्न पुढचा होता. खांड उघडी राहिली तर दर भरतीला पाणी आत येणार आणि बांधालगतचीच नव्हे, मागची सगळी शेते हळूहळू खारी होणार. ती बुजवायची तर भांगात, म्हणजे अष्टमीच्या आसपास जेव्हा भरतीला जोर नसतो तेव्हा, एका ओहोटीत चिखल चढवून पुढच्या भरतीच्या वर न्यावा लागतो. त्यासाठी पूर्वी सारे गाव लागे. थंडीतल्या एका भांगाला गावाने प्रयत्न केला. मी होतो. आलेल्यांत बहुतेक साठीच्या पुढचे होते आणि बाया होत्या. मुंबईची काही मुले रजा काढून आली होती, तीही कामाला लागली, पण चिखलाची ढेप कशी कापायची, कशी झेलायची हे त्यांना माहीत नव्हते. पाण्याने खांडीचा तळ खोदून खोल केला होता. सकाळपासून टाकलेला चिखल त्या खड्ड्यात मुरला. भरती आली तेव्हा काम गुडघाभर कमी होते. पुढच्या उधाणाला तेवढेही राहिले नाही.

तोवर आमच्या शेतात तिवर उगवला होता. पाण्याबरोबर बी आत आले होते आणि चिखलात बोटभर उंचीची, दोन-दोन पानांची रोपे उभी होती. काका रोज सकाळी ओहोटी पाहून शेतात उतरत आणि ती उपटत. घोट्यापर्यंत चिखल, हातात काही नाही. एकदा मामा आणि मी बांधाच्या उरलेल्या टोकावर उभे राहून पाहत होतो. मामा म्हणाला, "दाजी, उद्या परत येतील ती."

"येवू दे. मीबी परत येईन."

"उपटायला बंदी हाय आता."

"माझ्या शेतात?"

"तुमच्या शेतात."

काकांनी हातातले रोप पाहिले आणि खाडीच्या दिशेने फेकले. खाडी आता सगळ्याच दिशांना होती.

मग गावात दुसरा विचार पुढे आला. जुना बांध सोडायचा आणि एक शेत मागे, जिथे जमीन जराशी उंच आहे, तिथून नवा आतला बांध घालायचा. त्यासाठी पोकलेन मिळण्यासारखा होता. मागची सगळी शेती वाचणार होती. बांधालगतची पट्टी बाहेर राहणार होती, म्हणजे समुद्राला परत जाणार होती. त्या पट्टीतली बहुतेक शेते बाहेरच्या खातेदारांची. त्यांना फोनवर विचारले. ते लगेच हो म्हणाले. एकाने आपले शेत नेमके कोणते, ते विचारून घेतले. राहिले फक्त काका.

शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. काका म्हणाले, "खांडच बुजवू. पुढच्या भांगाला बुजवू."

"कोन बुजवनार?" एक म्हातारा म्हणाला. तो आमचा भावकीतला, काकांचा लहानपणचा सोबती. "तू आन मी? माझा गुडघा बघितलास?"

"मशीन लावा खांडीवर."

"मशीन तिथं उभं न्हाय राहत, रुततंय. बघून गेले ना मशीनवाले."

"मंग माझंच शेत का? नव्या बांधाची रेघ जरा पुढून घ्या."

"पुढून घेतली तर परत वळणावर येते, बाबा. परत तोच मार. तुला काय आम्ही मुद्दाम टाकतोय का बाहेर?"

कोणी जास्त बोलले नाही. जोर केला असता तर काकांना नाही म्हणणे सोपे गेले असते. बैठक ठराव न होता संपली. घरी येऊन ते जेवले नाहीत. काकूने ताट झाकून ठेवले आणि म्हणाली, "त्या शेतात मी लग्न होऊन आल्यापास्नं लावणी करतेय. मलाबी वाटतंय. पन तुम्ही ते एक धरून बसाल तर मागच्या सगळ्यांचं जाईल, आन मंग आपलंबी जाईलच. कुठं राहनार हाय?"

काका म्हणाले, "मला ठाऊक हाय ते."

"मंग?"

"ठाऊक हाय म्हणून लगेच तोंडातून निघतंय का?"

सकाळी ते स्वतःच म्हाताऱ्याच्या घरी गेले आणि रेघ मारून घ्या म्हणाले. परतल्यावर शेतात उतरले नाहीत. त्या दिवसापासून रोपे उपटणे बंद झाले.

माघात काम निघाले. चुन्याची रेघ मारली होती. ती आमच्या शेताच्या मागच्या बांधावरून गेली. पोकलेन डोंगराकडच्या बाजूने आला आणि घट्ट जमिनीवर उभा राहिला. त्याचा चालक बाहेरगावचा तरुण होता. त्याने इंजिन चालू ठेवून खाली विचारले, "मिट्टी किधर से उठाऊँ?"

उत्तर सगळ्यांना माहीत होते. खाडीच्या बांधाला माती नेहमी बाहेरून घेतात. आतून घेतली तर शेत खोलगट होते आणि पाणी साचून बांधाचा पाया भिजत राहतो. बाहेर खणलेला खड्डा मात्र भरतीच्या गाळाने आपोआप भरून येतो. आणि या रेघेच्या बाहेर, पोकलेनच्या हाताशी, एकच जमीन होती. चालकाने पुन्हा विचारले. म्हातारा चिलीम नसतानाही खिसे चाचपत राहिला. मामा माझ्या शेजारी उभा होता, त्याने मान खाली घातली. घरटी एक माणूस म्हणून आमच्या घरचे काका आले होते, फावडे घेऊन.

"त्या शेतातनं घे," काका म्हणाले.

चालकाने बोट दाखवून खात्री केली. "यहाँ से?"

"हां. बांधाला लागून नको घेऊस. जरा सोडून घे, न्हायतर पाया सरकंल. आन ती पलीकडं रोपं हायत ना तिवराची, त्यांना धक्का लावू नकोस."

मामाने वर पाहिले. काकांनी त्याच्याकडे पाहिले नाही.

पोकलेनचा हात बाहेर वळला आणि पहिला चिखल उचलून रेघेवर टाकला. खारा, काळा, चांगला चिकट चिखल होता. बांधाला असाच लागतो. लावणीच्या वेळी एका ओळीत खोचलेली आणि बांध फुटल्यावर बुडालेली भाताची रोपे त्यात तशीच होती, कुजून काळी पडलेली, मुळांसकट. काका पुढे झाले, ढीग फावड्याने पसरला आणि त्यावर चढून दोन्ही पायांनी दाबू लागले. मग दुसरा चिखल टाकायला जागा करून बाजूला उभे राहिले.